पर्यावरणात मास्टर्स करायचं आहे: एम.एस्सी., एम.ए. की आणखी काही? (ठाणे-नवी मुंबई)

खाजण

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीची. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये कामाला लागले. रोज सकाळी कॅन येतात. कुणाच्या ईटीपीचं (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी, कुठल्या सोसायटीच्या एसटीपीचं (मैलापाणी शुद्धीकरणाचं), कुणाच्या बोअरवेलचं. पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), सीओडी आणि बीओडी (पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो: सीओडी रसायनाने मोजलेला, बीओडी जिवाणूंना लागणारा), ऑइल-ग्रीस करायचं, रिपोर्ट काढायचा, सही घ्यायची की पुढचा कॅन. काम आवडतं, हातही चांगला बसलाय. पण तो आकडा पुढे कुठे जातो, त्यावरून कोण काय ठरवतं, हे पाणी खाडीला मिळाल्यावर नेमकं काय होतं, यातलं मला काहीच माहीत नाही. ते समजून घ्यायचंय, म्हणून पर्यावरणात मास्टर्स करायचं पक्कं केलंय.

घोडं अडलंय ते कुठलं करायचं यावर. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) एम.ए., एम.टेक. (पण मी इंजिनिअर नाही), शिवाय सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंट नावाचे खासगी संस्थांचे नवे कोर्स, ज्यांची फी ऐकून बाबा गप्पच झाले. त्यांचं म्हणणं, एवढे पैसे घालायचेच तर सरळ एमबीए कर.

शक्यतो घरून, ट्रान्सहार्बर लोकलने जाऊन-येऊन जमलं तर बरं. पुण्याला राहायचीही तयारी आहे. यातलं शिकलेल्या, शिकवणाऱ्या किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांनी कृपया लिहा. नोकरीबद्दलही स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

घोडबंदर_रोड

चांगला धागा. माझा मुलगा बॉटनीत शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्याही डोक्यात हेच आहे. वाचत राहीन.

सीवूड्स

खाजण ताई, मी एका उत्पादन कंपनीत सस्टेनेबिलिटी रिपोर्टिंग बघतो, तेवढ्या भागाचं सांगतो.

सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) हा अहवाल सक्तीचा केला. वीज किती, पाणी किती, कचरा किती, कामगारांची सुरक्षा कशी, सगळं त्यात येतं. शिवाय युरोपने आयातीवर कार्बनचा हिशोब मागायला सुरुवात केली आहे, त्याला सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून त्याचा मुख्य टप्पा सुरू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत पाठवणाऱ्यांना आता प्रत्येक टनामागचं उत्सर्जन दाखवावं लागतं. मोठी कंपनी मग आपल्या पुरवठादाराकडे आकडे मागते, तो त्याच्या पुरवठादाराकडे. असं होत होत हे काम रबाळे-महापेच्या छोट्या गाळ्यांपर्यंत आलं आहे.

काम कसं असतं याचं एक उदाहरण. कारखान्याचं महिन्याचं बिल १ लाख युनिटचं, म्हणजे १०० मेगावॅट-तास. आपल्या ग्रिडच्या विजेला दर मेगावॅट-तासामागे साधारण ०.७ टन कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे नुसत्या विजेचे महिन्याला ७० टन. उत्सर्जनाचे तीन गट करतात, विकत घेतलेल्या विजेचा हा झाला स्कोप २. बॉयलरमध्ये जळलेलं इंधन स्कोप १ मध्ये. कच्चा माल, वाहतूक, कामगारांचा प्रवास हे सगळं स्कोप ३, आणि खरी डोकेफोड तिथेच.

हे गणित कुणीही महिनाभरात शिकेल. अवघड असतं ते समोरच्या आकड्यात काय खोटं आहे हे ओळखणं. आमच्याकडे एमबीए झालेली मुलं सफाईने स्लाइड बनवतात. पण ईटीपीच्या रजिस्टरमध्ये वर्षभर बीओडी रोज एकसारखा लिहिलेला दिसला तरी त्यांना काही खटकत नाही. तुम्हाला पहिल्या पानावरच खटकेल. या क्षेत्रात यायचं असेल तर तुमचं लॅबमधलं काम हेच तुमचं भांडवल आहे, त्याला धरूनच पुढचं शिक्षण निवडा. महागडा कोर्स घ्यायची गरज मला तरी दिसत नाही.

चेंदणीकर

खाजण, वर सीवूड्स यांनी लिहिलेलं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून घरात लाव, आणि बाबांनाही दाखव.

मी आयुष्यभर पर्यावरणशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माझं मत सांगतो. पदवीच्या नावावरून कॉलेज निवडू नकोस. विभागात जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि तीनच गोष्टी विचार. मागच्या सत्रात तुम्ही किती वेळा स्वतःच्या हाताने पाणी, माती, हवा यांचे नमुने घेतले? स्पेक्ट्रो, एएएस, जीसी या तपासणीच्या यंत्रांतलं चालू काय आहे आणि त्याला हात लावू देतात का? तुमच्या प्रकल्पाचा विषय तुम्ही निवडला की सरांनी वाटून दिला? उत्तरं देताना मुलं घुटमळली, तर इमारत कितीही चकचकीत असो, तिथे जाऊ नकोस.

२०२३-२४ पासून आपल्या राज्यात नवीन धोरणाप्रमाणे पदव्युत्तर रचना बदलली आहे. दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प. चांगल्या विभागात हा प्रकल्प म्हणजे पदवीचा गाभा असतो. वाईट विभागात तो मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवतात.

हाताने करणं एवढं का महत्त्वाचं, ते सांगतो. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत तुला पाठ असेल. आमची पहिल्या वर्षाची मुलं मी खाडीवरच घेऊन जायचो. बाटली पाण्याखाली धरून भरायची, बुडबुडा राहता कामा नये, बूच लावायचं. मग तिथेच उभं राहून मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, बाटली उलटीसुलटी केली की ढगासारखा खाली बसत जातो. एका ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी एका मुलीने बाटली भरली आणि साका पांढराच राहिला. तिला वाटलं रसायन चुकलं. दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. त्या पाण्यात ऑक्सिजनच नव्हता. काठावर सडक्या अंड्याचा वास येत होता तो हायड्रोजन सल्फाइडचा, हे त्या दिवशी कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, आंघोळीच्या दर्जाच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी ३ पर्यंत. ती पांढरी बाटली बघितलेला विद्यार्थी हे ५ आणि ३ पुन्हा विसरत नाही.

आता पर्याय. घराजवळ राहायचं तर मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांमधलं एम.एस्सी. बघ. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचा परिसर चेंदणी बंदर रस्त्यावर अक्षरशः खाडीला टेकून आहे. तिथल्या बांदोडकर कॉलेजातून ठाणे खाडीवर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे, ग्रंथालयात जाऊन जुने प्रबंध चाळ. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था १९९३ साली डॉ. इराक भरुचा यांनी उभी केली, तिथे परिसंस्था आणि वन्यजीव या अंगाने चांगलं शिकता येईल.

एम.टेक. बी.एस्सी.वर थेट नाही. एम.एस्सी. करून गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) दे, २०२१ पासून गेटला पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. संशोधनात जायचं असेल तर यूजीसी-नेटला पर्यावरणशास्त्र हा विषय आहे. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, घरी हात पसरावा लागत नाही.

खाजण

सर, मनापासून आभार. सीवूड्स दादा, तुमचेही. बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे तू त्या लॅबमध्ये फुकट घासत नव्हतीस तर."

सर, एक शंका. आमच्याकडे कधीमधी खाडीच्या पाण्याचा सीओडी करायला येतो आणि आकडा अवाच्या सवा येतो. खाडी खरंच एवढी घाण आहे का?

चेंदणीकर

खाडी घाण आहे, पण तो आकडा तिच्या माथी मारू नकोस. सीओडीच्या डायक्रोमेट पद्धतीत क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण होतं आणि सीओडी फुगतो. म्हणून क्लोराइड अडवायला आपण मर्क्युरिक सल्फेट घालतो, पण त्यालाही मर्यादा आहे. नेहमीची पद्धत लिटरला साधारण २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच भरवशाची, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं. त्यामुळे आधी पाण्याचा खारटपणा बघायचा, मग पद्धत ठरवायची. नमुना भरतीचा की ओहोटीचा, हे बाटलीवर लिहिलेलं नसेल तर मी तो रिपोर्ट वाचतच नाही.

हा प्रश्न तुला पडला, याचा अर्थ तू एम.एस्सी.लाच जा.

हरकत_सूचना

सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडते. मी नियोजन आणि पर्यावरण कायद्यात काम करते. खाजणने लिहिलंय की आकडा पुढे कुठे जातो, त्यावरून कोण काय ठरवतं हे तिला जाणून घ्यायचंय. या प्रश्नाचं उत्तर एम.एस्सी.त पूर्ण मिळत नाही.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावं लागतं आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी असते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. मी अशा सुनावण्यांना जाते. मूळ अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. मराठी सारांश बऱ्याचदा इतका ढिसाळ असतो की तो लिहिणाऱ्यालाही समजणार नाही. गावातली माणसं उठून विचारतात, आमच्या विहिरीचं काय, होड्या लावायच्या जागेचं काय. उत्तर येतं, "सर्व मापदंड मर्यादेत आहेत." त्या वेळी मापदंड कळणारं आणि माणसंही कळणारं कुणीतरी खोलीत असावं लागतं. तसं सहसा कुणी नसतं.

नवी मुंबईत तर याचे धडे उघड्यावर पडले आहेत. विमानतळासाठी टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, गावं हलवली. पर्यावरण मंजुरी २०१० ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. मंजुरीच्या पत्रात कुठल्या अटी होत्या आणि प्रत्यक्षात काय झालं, हे ताडून बघणं हाच एक उत्तम प्रबंध होईल. तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. तिवरतोडीवर बंदी आणि भोवती ५० मीटरचा पट्टा. तो निकाल प्रत्येक पर्यावरणाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचायला हवा.

टिसमध्ये, म्हणजे देवनारला, पर्यावरण, हवामान बदल आणि शाश्वतता अभ्यासाचं एम.ए. आहे, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून. विज्ञान शाखेची मुलंही जातात. पाणी धोरणाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही तिथे आहे. ऐरोलीहून देवनार काही लांब नाही.

चेंदणीकर

मान्य. मात्र आधी विज्ञान पक्कं करावं, मग धोरणाकडे वळावं, असं माझं मत कायम आहे. उलट दिशेने जाणारे फार थोडे बघितले.

हरकत_सूचना

मी उलट दिशेनेच आले, सर. पण वाट खडतर होती हे कबूल करते. बीओडी म्हणजे काय ते मला लॅबवाल्यांच्या मागे लागून शिकावं लागलं.

वाशीगाव_बंदर

धागा पहिल्यापासून वाचला. मी वाशीगाव कोळीवाड्यातला. माझे वडील अजून पाग (फेकायचं जाळं) घेऊन खाडीत जातात. मी कॉम्प्युटरवर काम करतो, पण सुट्टीला होडीवर असतो. मला एकच सांगायचंय, राग मानू नका.

दरवर्षी हिवाळ्यात आमच्या बंदरावर कॉलेजची मुलंमुली येतात. हातात फॉर्म. रोज किती मासळी मिळते? पूर्वी किती मिळायची? कुठले मासे गेले? वडील सगळं नीट सांगतात. जिताडा कसा कमी झाला, बोय कुठे मिळते, निवट्या कुठल्या चिखलात असतात, कालवं काढायला आई कुठे जायची. मुलं लिहून घेतात, फोटो काढतात, पाण्याच्या बाटल्या भरतात, निघून जातात. पुढे त्या बाटल्यांतून काय निघालं ते आजवर कुणी आम्हाला येऊन सांगितलेलं नाही. पाणी आमचं, मासळी आमच्या पोटात जाते, बाजारात आम्ही विकतो, आणि त्यात काय आहे ते ठाऊक त्या मुलांना आणि त्यांच्या सरांना.

वडिलांनी गेल्या हिवाळ्यात एका मुलीला विचारलं, पोरी, रिपोर्ट आणून देशील का? हो म्हणाली. आली नाही. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिला मार्क मिळाले, काम संपलं. तिच्या कॉलेजने तिला परत पाठवलंच नाही.

खाजण ताई, तुम्ही जरूर शिका. पण कुठल्याही कॉलेजात गेलात तरी हे लक्षात ठेवा एवढं मागणं आहे.

चेंदणीकर

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचं बोलणं शंभर टक्के खरं आहे. प्रबंधाच्या मूल्यमापनात ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना निष्कर्ष पोचवल्याबद्दल गुण हवेत. एक पान, मराठीत, मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात लावलेलं, आणि त्यावर सोसायटीचा शिक्का. विभागप्रमुखाने मनावर घेतलं तर यात अशक्य काही नाही. मी माझ्या जुन्या विभागाला आजच पत्र लिहितो.

सीवूड्स

सहमत. बीआरएसआरमध्येसुद्धा आसपासच्या लोकांच्या तक्रारींचा रकाना असतो. तो भरताना कंपनीच्या गेटबाहेर कुणी जात नाही.

खाजण

वाशीगाव दादा, राग कसला. मी हे आधी कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. उलट मला तुम्हाला विचारायचंय, तुम्हाला स्वतःला कशाचं उत्तर हवंय? खाडीचं काय तपासावं असं तुमच्या वडिलांना वाटतं? मी नोकरी करते तेवढ्यात पाणी तपासणं तर माझ्या हातात आहे.

वाशीगाव_बंदर

वडिलांना विचारून लिहितो. हे प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच कुणी विचारले, म्हणून घरात बरीच चर्चा झाली. आईपण बोलली.

पहिली गोष्ट गाळ. खाडी उथळ होत चाललीय. पूर्वी ओहोटीलाही होडी जायची तिथे आता भरतीची वाट बघावी लागते. वडील म्हणतात पुलांच्या खांबांनी पाणी अडतं, भरावाची माती येते आणि वरून नाल्यांचा गाळ. खरं कारण काय आणि कशाचा वाटा किती, ते त्यांना हवंय.

दुसरी गोष्ट तिवरं. बाहेरची माणसं म्हणतात तिवरं कमी झाली. काही ठिकाणी भराव टाकून मारलीत, ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण आमच्या बाजूला गाळ साचला तिथे नवी तिवरं पुढे पुढे सरकत आलीत. जिथे आई कालवं आणि शिंपल्या काढायची तो उघडा चिखल आता झाडीखाली गेला. तिवर आम्हाला नको असं नाही, कोळंबीची पिल्लं त्याच्याच मुळांत वाढतात. पण उघडा चिखलही हवा. फ्लेमिंगोसुद्धा त्याच चिखलावर चरतात ना?

तिसरी गोष्ट आईची. मासळीला कधी कधी रॉकेलसारखा वास येतो आणि गिऱ्हाईक परत आणून देतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्याला, ते ती सांगू शकते. तेल येतं कुठून ते तिला हवंय.

चेंदणीकर

मंडळी, या एका प्रतिसादात तीन प्रबंध आहेत, आणि तिन्ही मला माझ्या नोकरीत कुणी सुचवले असते तर मी डोक्यावर घेतले असते.

तिवरांचा मुद्दा तर अगदी बरोबर. ठाणे खाडीत काही भागांत गाळामुळे तिवरं उघड्या चिखलावर सरकली आहेत, असं उपग्रह चित्रांवरून झालेल्या अभ्यासांतही दिसतं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, साधारण १,६९० हेक्टरचं. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग तिवरांचा, उरलेला पाण्याचा. २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. कच्छकडून येणारे पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे इथे राहतात, ते इथल्या उथळ पाण्याच्या आणि शेवाळाच्या जिवावर. म्हणजे पक्ष्यांना आणि कालवं काढणाऱ्या बायकांना हवी असलेली जागा एकच.

खाजण, हे तपासायला पैसे लागत नाहीत. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि फुकट मिळतात. सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची, १० मीटर बारकाव्याची, तीही फुकट. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. ज्या कॉलेजात हे शिकवतात तेच निवड. एकच काळजी घे, तुलना करताना सगळी चित्रं ओहोटीच्या सारख्या पातळीची हवीत. नाहीतर भरतीने झाकलेला चिखल तू "नष्ट झाला" म्हणून मोजशील.

वाशीगाव_बंदर

सर, त्यासाठी आमचा हिशोब घ्या. तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती भरते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत यायला थोडा उशीर होतो, तेवढा धरायचा. उपग्रह कुठल्या तारखेला किती वाजता वरून गेला ते सांगा, पाणी कुठवर होतं ते वडील सांगतील.

पाऊलवाट

वा! वरचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे.

माझी छोटीशी भर. ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी पुण्यातल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा पदविका अभ्यासक्रम आहे. प्रकाश गोळे यांनी १९८२ साली ही संस्था सुरू केली. वर्ग शनिवार-रविवारी आणि शिवाय भरपूर क्षेत्रभेटी. मी तो केला. वर्गात शेतकरी, आर्किटेक्ट, बँकेतून निवृत्त झालेले काका असे सगळे होते. नोकरीसाठी वजन एम.एस्सी.इतकं नाही, पण एखाद्या जागेकडे बघायचं कसं ते तिथे शिकले. इग्नूचं दूरशिक्षणाने एम.एस्सी. आहे, पण प्रयोगशाळेची आवड असलेल्या माणसाने ते घेऊ नये असं माझं मत.

भिजपाऊस

परदेशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. मी सध्या नेदरलँड्समध्ये आहे. पाण्यावर काम करायचं तर डेल्फ्टची आयएचई ही संस्था बघा. युरोपात इरास्मस मुंडुसच्या संयुक्त पदव्या आहेत, त्यात पर्यावरणविषयक अभ्यासक्रम आहेत आणि शिष्यवृत्तीत राहण्याचा खर्चही येतो. ब्रिटनच्या चीव्हनिंगला मात्र दोन वर्षांइतका कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. कर्ज काढून खासगी विद्यापीठात यायची घाई करू नका. इथे आमच्या वर्गात ज्यांनी आपापल्या देशात चिखलात काम केलं होतं, त्यांनाच प्राध्यापक मान देतात.

घोडबंदर_रोड

मुलाला पूर्ण धागा वाचायला लावला. त्याचा प्रश्न: बॉटनीवाल्याला यात काय?

चेंदणीकर

भरपूर. त्याला सांगा, तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी, हुरा हे पाच तरी पानांवरून ओळखायला शिक. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून सुरुवात करता येईल. तिवराचं पान उलटं करून बोटाने पुसलं की मिठाचे कण हाताला लागतात. ते झाड मीठ बाहेर कसं टाकतं इथपासून सुरू केलं तर दोन वर्षं पुरणार नाहीत. पांढरी चिप्पी हा २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

खाजण

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते लिहिते.

एम.एस्सी.चे अर्ज ठाणे आणि पुणे दोन्हीकडे करतेय. सीयूईटी-पीजीही देतेय, म्हणजे टिसचं दार बंद होणार नाही. पण पहिली पसंती एम.एस्सी. ठाण्यातल्या एका विभागात जाऊनही आले. सरांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न विचारले. मुलांनी मला स्वतःहून वर नेऊन एएएस दाखवलं, आणि क्यूजीआयएस दुसऱ्या सत्रात आहे म्हणाली. बाबा सोबत होते, त्यांनी फी विचारली आणि परतीच्या गाडीत स्वतःच म्हणाले, हे जमेल.

हरकत_सूचना ताई, तुम्ही सांगितलेला २०१८ चा निकाल उतरवून घेतलाय, वाचायला सुरुवात केली. पुढची जनसुनावणी असेल तेव्हा मला बोलवाल का? मागे बसून ऐकेन.

वाशीगाव दादा, प्रवेश होवो न होवो, मासळीच्या वासाचं काम मी आधी हातात घेते. आईंना कॅलेंडरवर वास आला त्या दिवशी खूण करायला सांगा, सोबत वारा कुठला ते. आमच्या लॅबच्या साहेबांशी बोलले, ऑइल-ग्रीसचे नमुने ते आपल्या खर्चाने करून देतो म्हणालेत. रिपोर्टची एक प्रत मराठीत लिहून मी स्वतः सोसायटीत आणून लावीन. आणि तो चिखल मला बघायचाय. कधी येऊ?

हरकत_सूचना

नक्की बोलावते. मागे बसू नकोस, माझ्या शेजारी बस.

वाशीगाव_बंदर

आईने कॅलेंडर खिळ्याला लावलं, पेन्सिल बांधून ठेवलीय.

ताई, अमावास्येच्या आसपास या. सकाळी सहाच्या सुमाराला पाणी पार खाली गेलेलं असतं, चिखल उघडा मिळेल. सहापर्यंत बंदरावर पोचा, नऊ वाजायच्या आत परत फिरायचं, कारण भरती मागून येते आणि नवख्या माणसाला कळत नाही. गमबूट आणू नका, चिखलात रुतून बसतात. जुने जाड मोजे घाला, कालवांच्या कपच्यांनी पाय कापतो. बाटल्या किती लागतील ते आधी सांगा, होडीत तेवढी जागा ठेवायला वडिलांना सांगतो.